डोळा पाहतो की मेंदू? संवेदना आणि आकलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिसळीच्या कटानं तोंडात जाळ होतो, नवी चप्पल तासाभरानं पायात आहे हेच विसरायला होतं, आंबा घाटात गाडी लागते. या तिन्हींमागं एकच यंत्रणा आहे. कोल्हापुरात रोजच्या बोलण्यात येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. जिथं शक्य आहे तिथं घरी करून पाहता येईल असा प्रयोगही दिला आहे.

डोळे पाहतात, कान ऐकतात. मग मेंदूचं काम काय?

खरं तर डोळा पाहत नाही. तो प्रकाशाचं विजेच्या बारीक ठोक्यांत रूपांतर करतो. कान हवेच्या कंपनांचं तेच करतो, त्वचा दाबाचं आणि नाक हवेतल्या रेणूंचं. चेतातंतूतून पुढं जाणारा ठोका सगळीकडे एकाच जातीचा असतो. हलगीचा ठोका वेगळा आणि लाल रंगाचा वेगळा, असं नसतं. आवाज मोठा झाला म्हणून ठोका मोठा होत नाही, ठोके जास्त घाईनं पडू लागतात. एकेका तंतूतले हे ठोके एडगर एड्रियन यांनी मोजून दाखवले. त्यांना १९३२ सालचं नोबेल विभागून मिळालं.

म्हणजे मेंदूच्या हाती एवढंच येतं: कुठल्या तंतूवरून, किती घाईनं ठोके आले. त्यावरून बाहेर काय असावं याचा तो अंदाज बांधतो. हा अंदाज म्हणजेच आकलन.

करून पाहा. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटा, नजर नाकाकडे वळवा आणि पापणीवरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला बोटाच्या टोकानं अगदी हलका दाब द्या. नाकाच्या बाजूला एक उजळ कडं दिसेल. खोलीत उजेडच नाही, दाबानं दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, पेशी चाळवल्या आहेत इतकंच. पण डोळ्याच्या तारेवरून जे येईल ते मेंदू प्रकाश म्हणूनच घेतो. दाब बाहेरच्या बाजूला आणि कडं नाकाच्या बाजूला का? भिंगामुळं दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते. बाहेरच्या भागातल्या पेशींवर एरवी नाकाकडून येणारा प्रकाश पडतो, आणि मेंदू तोच हिशेब इथंही लावतो. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, काचबिंदू असेल किंवा चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल तर हा प्रयोग करू नका.

ज्ञानेंद्रियं पाचच का?

शाळेत पाच शिकवतात, पण ती मोजणी अपुरी आहे. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय, स्नायू आणि सांध्यांची स्थिती सांगणारी जाणीव, तापमान, वेदना, तसंच भूक, तहान, श्वास, मूत्राशय यांच्या खबरा हे सगळं वेगळं धरायला हवं.

यातल्या स्नायूंच्या जाणिवेवर कोल्हापूरची अख्खी तालीम उभी आहे. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे बारीक ग्राही, म्हणजे खबर टिपणारे भाग, असतात. स्नायू ताणला की ते कळवतात, तेही अंगातल्या सर्वांत वेगवान तंतूंवरून, सेकंदाला साधारण ८० ते १२० मीटर वेगानं. दिवा लागलेला पाहून बटण दाबायला माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. स्नायूला बसलेल्या झटक्याचं पहिलं उत्तर मात्र पाठीच्या कण्यातूनच, ५० मिलिसेकंदांच्या आत निघतं. म्हणून पट काढायला आलेल्या जोडीदाराचा हात मांडीला लागला की पाय आधी हलतो, आणि काय झालं ते पैलवानाला मागाहून कळतं. खासबाग मैदानात धरपकड सुरू असताना नजरेपेक्षा अंगाची ही जाणीव जास्त कामाला येते.

तिखट ही चव आहे का?

नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्यात, मशरूममध्ये, पिकलेल्या टोमॅटोत असते ती) या पाच मूळ चवी मानल्या जातात. तिखटपणा हा चटक्याचा संदेश आहे.

जिभेवर आणि तोंडाच्या आतल्या कातडीत वेदना कळवणाऱ्या तंतूंच्या टोकांना टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं. हे एक दारच समजा. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि ‘भाजतंय’ असा संदेश निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच दाराला चिकटतं आणि उष्णता नसतानाही ते उघडतं. मेंदूपर्यंत पोचलेल्या ठोक्यांत ‘हे मिरचीचं, हे आगीचं’ अशी खूण नसते. त्यामुळं घाम, नाकातलं पाणी, डोळ्यांतलं पाणी हे सगळं खऱ्या चटक्यासारखंच सुरू होतं. तोंडात ‘जाळ’ झाला असं आपण म्हणतो ते शरीराच्या दृष्टीनं शब्दशः खरं आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं. २०२१ चं नोबेल त्यांना आणि दाबाचे ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना मिळून देण्यात आलं.

कॅप्सेसिन चिकटलेलं असताना हे दार उघडण्याचं तापमानही खाली येतं. म्हणून मिसळ खाल्ल्यावर लगेच घेतलेला चहा, एरवी सहज पिता येईल असा, जीभ पोळल्यासारखा वाटतो. तोच तांबडा रस्सा गरम असताना जास्त झोंबतो आणि निवल्यावर कमी, यामागचं कारणही हेच.

रस्सा लालभडक दिसला की तिखटच असतो का?

नसतो. रंग बऱ्याचदा ब्याडगी मिरचीचा असतो, आणि ती रंगाला गडद पण तिखटाला सौम्य आहे. ठसका येतो तो संकेश्वरीसारख्या मिरचीचा. पण लाल रंग डोळ्यांना दिसला की मेंदू तिखटाची तयारी आधीच करून ठेवतो आणि पहिला घोट त्या अपेक्षेसकट चाखला जातो. पांढऱ्या रश्श्याचं याच्या उलट होतं. त्याचा रंग पाहून माणूस निर्धास्त भुरका मारतो, आणि मिरीतलं पायपरिन तेच दार उघडून मोकळं होतं.

मग तोंडातली आग विझवायची कशी? पाण्यानं ती वाढते का?

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. थंड पाणी तोंडात असेतो बरं वाटतं, पण ते गिळलं की कॅप्सेसिन आहे तिथंच राहतं, उलट तोंडभर पसरतं. दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, आणि स्निग्धांशात ते विरघळतं. घोट लगेच गिळू नका, वीस-तीस सेकंद तोंडात घोळवा. नारळाच्या दुधाच्या पांढऱ्या रश्श्यातही स्निग्धांश भरपूर असतो. तांबड्याबरोबर तो आलटूनपालटून घेण्याची आपली रीत या अंगानंही शहाणपणाची आहे.

मिरच्या कुटून किंवा कांदा-लसूण मसाला करून हातांची आग होत असेल तर आधी खाण्याचं तेल चोळा, पुसून काढा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं धुतलेला हात डोळ्याला लागला की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. तसं झालंच तर डोळा चोळू नका, साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा.

सर्दी झाली की जेवण बेचव का लागतं? जीभ तर चांगली आहे.

कारण आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा भाग वास असतो. घास चावताना त्याचे रेणू घशामागून वर नाकात जातात. तिथल्या वासाच्या पेशींवर सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत. या ग्राहींचा कुळवृत्तांत मांडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. सर्दीत ती वाट बुजते.

सुंठ-वेलची घातलेल्या गुळाचा खडा घ्या. नाक घट्ट चिमटीत धरा, खडा तोंडात टाका, दहा सेकंद चघळा. नुसतं गोड आणि सुंठेची किंचित झोंब, एवढंच लागेल. आता तोंड मिटलेलं ठेवून नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. वेलची एकदम ‘जिभेवर’ उगवते. ती आली नाकातून, पण मेंदूनं तिचा पत्ता तोंडाचा लिहिला, कारण खडा तोंडात आहे हे स्पर्शानं त्याला ठाऊक होतं.

वासाची आणखी एक खासियत आहे. बाकीची इंद्रियं मेंदूच्या बाह्य थरापर्यंत पोचण्याआधी थॅलॅमस या केंद्रातून जातात. वासाला तो थांबा नाही. तो थेट भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांत शिरतो.

डोळ्यात ‘अंधबिंदू’ असतो म्हणे. मग तिथं भोक का दिसत नाही?

दृष्टिपटलातले सुमारे दहा-बारा लाख तंतू जिथून एकत्र बाहेर पडतात तिथं प्रकाश पकडणाऱ्या पेशीच नसतात.

1. पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या बरोबर उजवीकडे ८ सेंटिमीटरवर मटकीच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढा.
2. डावा डोळा हातानं झाका. उजव्या डोळ्यानं फुलीकडेच पाहत राहा.
3. कागद हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होईल. आणखी जवळ आणला की परत येईल.

जमत नसेल तर बहुतेक वेळा नजर ठिपक्याकडे सरकलेली असते, किंवा कागद तिरका झालेला असतो. आता ठिपक्यातून आडवी रेघ ओढून पुन्हा पाहा. ठिपका जातो आणि रेघ मात्र अखंड दिसते. तिथं काहीही दिसत नसताना मेंदूनं आजूबाजूची रेघ पुढं ओढली. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. एकच डोळा उघडा असला तरी भोक जाणवत नाही, ते याच भरावामुळं.

दुकानात घेतलेली साडी घरी आल्यावर वेगळ्या रंगाची कशी दिसते?

रंग ओळखण्यासाठी डोळ्यात फक्त तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. या तिघींचं उत्तर सारखं आलं की दोन कापडं एकाच रंगाची वाटतात, मग त्यांवरून परतणारा प्रकाश प्रत्यक्षात वेगळा का असेना. एलईडीच्या उजेडात काही तरंगलांबी भरपूर असतात, काही जेमतेम. त्यामुळं तिथं जुळलेली साडी आणि ब्लाउजपीस उन्हात फटकून दिसतात.

त्यात मेंदूची आणखी एक सवय आहे. तो उजेडाचा रंग वजा करून वस्तूचा ‘खरा’ रंग काढत असतो. म्हणूनच पांढरा सदरा सकाळी, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली पांढराच दिसतो. हा वजाबाकीचा अंदाज माणसागणिक बदलला की काय होतं ते २०१५ मध्ये जगभर दिसलं. एकाच ड्रेसचा फोटो काहींना निळा-काळा, काहींना पांढरा-सोनेरी दिसत होता. ड्रेस निळा-काळा होता.

महाद्वार रोडवर खरेदी करताना कापड दुकानाच्या दारात आणून दिवसाच्या उजेडात जुळवा. दुकानदार नाही म्हणत नाही.

पन्हाळ्यावर रात्री सुरुवातीला काहीच दिसत नाही, नंतर दिसतं. का?

उजेडातून अंधारात आल्यावर शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जेवढ्या जुळवून घ्यायच्या तेवढ्या घेतात. खरी मंद उजेडाची दृष्टी दंडपेशींची. त्यांतलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश पकडणारं द्रव्य उजेडानं विटतं आणि पुन्हा भरायला तीस-चाळीस मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल पाहिला की बरीचशी कमाई जाते. लागलीच बॅटरी तर मंद, लाल उजेडाची वापरा. दंडपेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम सगळ्यात कमी होतो.

अंधुक तारा थेट पाहू नका, जरा बाजूला पाहा. नजरेच्या मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच.

ऱ्होडॉप्सिनसाठी अ जीवनसत्त्व लागतं, ते कमी पडलं की मंद उजेडात दिसेनासं होतं. लहान मुलाला संध्याकाळी चालताना ठेचा लागत असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

उगवताना चंद्र मोठा का दिसतो?

तो मोठा झालेला नसतो, डोळ्यात त्याची प्रतिमा तेवढीच पडते. हात लांब करून करंगळीच्या नखानं झाका. क्षितिजावर आणि डोक्यावर, दोन्ही वेळा सारखाच झाकला जातो. क्षितिजाजवळ घरं, झाडं, डोंगर यांच्या पलीकडं तो दिसतो, म्हणून मेंदू त्याला लांबचा धरतो. लांबची वस्तू एवढी दिसते म्हणजे ती मोठीच असणार, असा हिशेब होतो, हे त्याचं सगळ्यांत प्रचलित स्पष्टीकरण आहे. त्यावर अजून वाद चालतो.

मिरवणुकीतून आल्यावर कानात शिट्टी वाजते. दोन दिवसांत जाते, म्हणजे नुकसान झालं नाही ना?

हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी असते, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. तिच्यातल्या पडद्याच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज आणि आत टोकाला खर्जाचे आवाज ओळखले जातात. या पडद्यावर केसपेशी बसलेल्या असतात. मेंदूला आवाज कळवणाऱ्या आतल्या ओळीत एका कानात फक्त ३,५०० च्या आसपास, आणि आवाज वाढवून देणाऱ्या बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. जन्माला येताना एवढ्याच मिळतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

शिट्टी थांबली म्हणजे पेशी वाचल्या, असं धरता येत नाही. बाहेर आवाज नसताना मेंदूला आवाज येतोय, हीच धोक्याची खूण आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि चेतातंतू यांचे सांधे तुटलेलेच राहतात. अशा कानाला शांत खोलीत सगळं ऐकू येतं, पण गर्दीत बोलणं समजत नाही.

हिशेब असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करायचा. ८९ ला ५ तास. ९८ ला ३७ मिनिटं. ११० ला अख्ख्या आठवड्यात अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. स्पीकरच्या भिंतीसमोर शंभराच्या पुढं आकडा सहज जातो, आणि आपली मिरवणूक रात्रभर चालते.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्यावर तेवढा उतरत नाही, म्हणून तिथं नुसतं मागं सरकून भागत नाही. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी आहेत. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटानं धरून ठेवा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. तसा येत नसेल तर प्लग कानाच्या दारातच अडकला आहे, काढून पुन्हा घाला. तान्ह्या बाळांना त्या रस्त्यावर नेऊच नका.

आवाज कुठून आला ते कसं कळतं?

उजवीकडचा हॉर्न उजव्या कानाला आधी पोचतो आणि जरा मोठा लागतो. दोन कानांतला वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास, तरी मेंदू तो पकडतो. बरोबर समोरून किंवा मागून आलेल्या आवाजात हा फरक शून्य असतो, तिथं फसगत होते. डोकं थोडं वळवलं की फरक पडतो आणि दिशा लागते. एका कानात इअरफोन घालून दुचाकी चालवणारा हा हिशेबच मोडून बसलेला असतो.

नवी कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला जाणवते, मग विसरायला होते. त्वचा बधिर होते का?

नाही. त्वचेतले काही ग्राही फक्त बदल कळवतात. दाब आला की ठोके, दाब टिकला की गप्प. मऊ स्पर्शाचे माइसनर आणि कंपनाचे पॅचिनियन ग्राही या जातीचे. मर्केलचे ग्राही सावकाश थकतात, पण त्यांच्या त्याच त्या खबरीकडे मेंदू लक्ष देणं सोडतो. आता हे वाचताना चप्पलचा अंगठा आठवला आणि लगेच जाणवला, तो त्यामुळंच. चप्पल चावते तेव्हा मात्र विसर पडत नाही. वेदनेचे तंतू असे सहजासहजी गप्प बसत नाहीत, उलट घासलेल्या जागी ते अधिकच हळवे होतात.

ठेच लागली की आधी सणक आणि मग ठणका, असं दोनदा का दुखतं?

दोन तारा आहेत. पातळ वेष्टण असलेले तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं सणक नेतात. वेष्टण नसलेले तंतू ठणका नेतात, तेही सेकंदाला अर्धा ते दोन मीटर या चालीनं. पायाच्या बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत मीटरभर अंतर, म्हणून ठणका सेकंदभर मागून येतो. दुखऱ्या जागी चोळल्यानं खरंच आराम पडतो. स्पर्शाचे जाड तंतू कण्यातच वेदनेच्या संदेशाला अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही कल्पना. तपशील पुढं बदलले, गाभा टिकला.

घाटात गाडी लागते ती पोटामुळं की डोक्यामुळं?

डोक्यामुळं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका प्रत्येक वळण कळवत असतात. डोळे मोबाइलवर असतील तर ते ‘सगळं स्थिर आहे’ सांगतात. दोन खबरा जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. चालकाला सहसा लागत नाही, कारण वळण त्याच्याच हातात असतं आणि मेंदूला ते आधी माहीत असतं.

पुढं बसा, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवा, डोकं मागं टेकवा, काच थोडी उघडा. मोबाइल पाहणं घाट सुरू होण्याआधी बंद करा, मळमळ सुरू झाल्यावर नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा ते एक तास. उलटीची भावना आल्यावर घेतलेली गोळी पोटात नीट शोषलीच जात नाही.

सरावानं इंद्रियं तल्लख होतात का?

इंद्रिय फारसं बदलत नाही, अंदाज पक्का होतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाहा. काहिलीत रस आटत आला की तो फेसाचा रंग पाहतो, बुडबुडे लहान होऊन जड फुटू लागले की तो आवाज ऐकतो, वाफेचा वास घेतो. मग थोडा पाक गार पाण्यात सोडून बोटांत गोळी वळतो. गोळी लवकर फुटली तर पाक कच्चा, गूळ पाझरणार. फार कडक झाली तर करपण्याच्या वाटेवर. तापमान तेव्हा साधारण ११५ ते ११८ अंश असतं, पण गुळव्याला तापमापक लागत नाही. एकेकटी खूण फसवी असते. त्या दिवशीचा ऊस, माती, चुलाणाचा जाळ यांनी रंग बदलतो. चारही खुणा एकत्र आल्या की अंदाज चुकत नाही.

असं शिक्षण होण्यासाठी प्रत्येक अंदाजाचं उत्तर लगेच मिळावं लागतं. गुळव्याला ते प्रत्येक घाण्याला मिळतं, गूळ ढेपेत बसला की नाही त्यावरून.

एक इंद्रिय दुसऱ्याला फसवू शकतं का?

सहज. ‘बा’ असा आवाज आणि ‘गा’ म्हणणारे ओठ एकत्र दाखवले तर बऱ्याच लोकांना ‘दा’ ऐकू येतं. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं. युक्ती माहीत असूनही ‘दा’च ऐकू येतो. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशी बोलताना म्हणूनच समोर, उजेडात तोंड ठेवून बोला. ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

डॉक्टरांकडे कधी धावायचं?

एका डोळ्यासमोर अचानक पडदा आला, वीज चमकल्यासारखं वाटून काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दृष्टिपटल सुटलेलं असू शकतं. एका कानानं एकाएकी ऐकू येणं बंद झालं तर मळ असेल म्हणून थेंब घालत बसू नका, दोन-तीन दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. एका बाजूचा हात-पाय बधिर, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, असं दिसलं तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: माणूस शेवटचा ठीक कधी होता?